मिश्रीसुद्धा लिहा

निपाणीच्या बाजूला विम्याचा फॉर्म भरताना एका प्रश्नापाशी सगळे घाई करतात. गेल्या काही महिन्यांत तुम्ही तंबाखू कोणत्याही स्वरूपात घेतली आहे का? एजंट ‘नाही’वर खूण करतो आणि पान उलटतो. पुष्कळदा समोरच्याने फॉर्म वाचलेलाच नसतो, कारण तो इंग्रजीत असतो. घरातल्या बाईचा विमा असेल तर हा प्रश्न तिच्यापर्यंत पोचतही नाही. ती रोज सकाळी मिश्री लावते, पण आपल्याकडे मिश्री म्हणजे दात घासणं. तिला तंबाखू कोण म्हणणार?

विमा कंपनी म्हणते. मिश्री ही भाजलेली तंबाखूच आहे आणि ‘कोणत्याही स्वरूपात’ या दोन शब्दांत बिडी, गुटखा, चुना-तंबाखू आणि मिश्री हे सगळं येतं. ज्या गावाची ओळखच तंबाखूच्या वखारी ही आहे, जिथे १९८१ साली तंबाखूच्या भावासाठी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकरी महामार्गावर बसले आणि पोलिसांच्या गोळीबारात माणसं गेली, त्या भागात तरी या प्रश्नाचं उत्तर थांबून, विचार करून लिहायला हवं. तंबाखू घेणाऱ्याला मुदत विम्याचा हप्ता बराच जास्त पडतो, कधी दीडपट, कधी त्याहूनही अधिक. तो वाचवण्यासाठी लिहिलेलं खोटं उत्तर पुढे बायकोमुलांच्या अंगावर येतं.

ते कसं येतं, हे समजून घ्या. विमा कायदा १९३८चं कलम ४५ सांगतं की पॉलिसी सुरू होऊन किंवा पुनरुज्जीवित होऊन तीन वर्षं पूर्ण झाली की कंपनी कोणत्याही कारणाने त्या पॉलिसीवर प्रश्न उभा करू शकत नाही. हे फार मोठं संरक्षण आहे. पण माणूस पहिल्या तीन वर्षांत गेला, तर कंपनी चौकशी करते. दवाखान्याचे जुने कागद काढते, आणि केसपेपरवर डॉक्टरांनी ‘तंबाखूची सवय, दहा वर्षं’ असं लिहिलेलं असतंच. मग दावा नाकारायला जागा मिळते. तेव्हा खरं लिहा. हप्ता वाढला तर वाढू द्या, नाहीतर कव्हर थोडं कमी घ्या, पण मिश्रीसुद्धा लिहा. साखर, रक्तदाब, जुनं ऑपरेशन, आधी एखाद्या कंपनीने नाकारलेला अर्ज, यांनाही हाच नियम.

फॉर्म मराठीतून मागा. मराठीत मिळाला नाही आणि तुम्ही इंग्रजी फॉर्मवर मराठीत सही करत असाल, तर त्यात एक वेगळा मजकूर असतो: ‘मी हा अर्ज प्रस्तावकाला त्याच्या भाषेत समजावून सांगितला आहे.’ त्याखाली समजावणाऱ्याची सही लागते. आपल्याकडे ती सही गठ्ठ्याने उरकली जाते. तुम्ही तसं होऊ देऊ नका. घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीला शेजारी बसवा, तिच्याकडून एकेक प्रश्न मोठ्याने वाचून घ्या आणि भरलेल्या फॉर्मचा फोटो फोनमध्ये ठेवा. कोरा फॉर्म सही करून कुणालाही देऊ नका, मग तो एजंट सख्खा मेहुणा असला तरी.

आता नावाबद्दल. सीमाभागातल्या घरांना हे दुखणं पुण्या-साताऱ्यातल्या घरांपेक्षा जास्त आहे. सविता, लता, ज्योती ही नावं इंग्रजीत लिहिताना आपण नुसता ‘टी’ लावतो. कानडी पद्धतीत त्याच ‘त’साठी ‘टी’नंतर ‘एच’ येतो. शाळेचा दाखला मराठी शाळेतला, रेशनकार्ड कर्नाटक सरकारचं, आधार कुठल्या तरी सेंटरवर ऑपरेटरने ऐकून टाइप केलेलं, आणि बँकेचं पासबुक लग्नाआधीच्या नावाचं. माहेर कागल किंवा चंदगडला असेल तर महाराष्ट्राच्या कागदांवर नाव, वडिलांचं नाव, आडनाव असा क्रम, आणि सासरच्या कागदांवर नुसती आद्याक्षरं. एकाच बाईची चार कागदांवर चार नावं होतात. नवरा जिवंत असेपर्यंत याने कुणाचंच अडत नाही. तो गेल्यावर नॉमिनी म्हणून तिला सिद्ध करावं लागतं की ती तीच आहे, आणि मग प्रतिज्ञापत्रं, नोटरी, हेलपाटे. म्हणून पॉलिसी घेण्याआधी नॉमिनीचं आधार, पॅन आणि बँक खातं ही तीन नावं अक्षरनअक्षर एकसारखी करून घ्या. गावाच्या नावाची काळजी करू नका. १ नोव्हेंबर २०१४ पासून इंग्रजी कागदोपत्री ‘बेलगाम’चं ‘बेळगावी’ झालं हे कंपन्यांना माहीत आहे, त्यावरून दावा अडत नाही. माणसाच्या नावावरून अडतो.

हे सगळं आधी सांगितलं, कारण ‘कोणती कंपनी चांगली?’ हा प्रश्न सगळे पहिला विचारतात आणि माझ्या मते तो तिसरा आहे. पहिला प्रश्न, कागद खरे आणि सरळ आहेत का? दुसरा, कव्हर किती आणि कुठल्या प्रकारचं?

दुसऱ्याचा हिशेब एका घराचा मांडून बघू. बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीत काम करणारा ३३ वर्षांचा माणूस. पगार २४ हजार. बायको, सहा आणि तीन वर्षांची दोन मुलं. घरखर्चातला त्याचा स्वतःचा वाटा वजा केला तर बाकीच्यांना महिन्याला १५ हजार लागतात, म्हणजे वर्षाला १ लाख ८० हजार. धाकटं मूल एकवीस वर्षांचं होईपर्यंत १८ वर्षं धरली तर ३२ लाख ४० हजार. सोसायटीचं कर्ज ४ लाख. मुलांच्या शिक्षणाला ६ लाख. बेरीज ४२ लाख ४० हजार. महागाई वाढेल आणि ठेवलेल्या पैशाला व्याजही मिळेल, ती दोन्ही ढोबळमानाने एकमेकांना खाऊन टाकतील असं समजा. एवढ्या रकमेची गरज असलेल्या या माणसाच्या कपाटात बहुधा ५ लाखांची एक एंडोमेंट पॉलिसी असते, वर्षाला २५ हजारांच्या आसपास हप्त्याची, वीस वर्षांची. उद्या तो तवंदी घाटात ट्रकखाली गेला तर त्या पॉलिसीतून ५ लाख आणि तोवर जमलेला थोडा बोनस मिळेल. सोसायटीचं कर्ज फेडलं की लाखभर उरतील. १५ हजारांच्या हिशेबाने सात महिनेसुद्धा निघत नाहीत.

हाच माणूस तंबाखू घेत नसेल आणि त्याने चाळीस लाखांचा शुद्ध मुदत विमा, म्हणजे ज्याला सगळे टर्म म्हणतात तो घेतला, तर हप्ता त्या २५ हजारांपेक्षा पुष्कळ कमी पडेल. मुदत संपेपर्यंत तो जगला तर काहीही परत मिळणार नाही. नेमकं हेच आपल्या माणसांच्या गळी उतरत नाही. ‘पैसे बुडाले की!’ पण गाडीचा विमा घेतो तेव्हा वर्षभरात अपघात झाला नाही म्हणून कुणी रडत बसत नाही.

एंडोमेंट, मनीबॅक यांना वाईट म्हणायचं माझ्या मनात नाही. ज्याच्या हातात पैसा टिकत नाही त्याच्यासाठी ती सक्तीची बचत असते, आणि कित्येक घरातल्या मुलींची लग्नं त्यावर झाली आहेत. फक्त आकडा डोळे उघडून बघा. वर्षाला २५ हजार याप्रमाणे वीस वर्षांत तुम्ही ५ लाख भरता, आणि शेवटी समजा ९ लाख २० हजार मिळाले. ‘जवळजवळ दुप्पट’ असं सांगितलं जातं. व्याजाच्या भाषेत ते साडेपाच टक्के होतात. त्याशिवाय वाटेत चौथ्या-पाचव्या वर्षी हप्ता थकला तर हातात येणारं सरेंडर मूल्य भरलेल्या पैशांपेक्षा कमी असतं. १ ऑक्टोबर २०२४ पासून नियम थोडे सुधारले आणि एक वर्षाचा हप्ता भरला असला तरी काही रक्कम मिळण्याची सोय झाली, पण नुकसान होतंच. शेअर बाजाराशी जोडलेल्या युलिपबद्दल मी एवढंच म्हणेन की ज्याला त्यातले आकार आणि चढउतार स्वतःला समजतात, त्यानेच त्यात जावं.

टर्म घ्यायला गेलं की आपल्या भागात दुसरी अडचण समोर येते. कंपन्या उत्पन्नाचा पुरावा मागतात: पगाराची स्लिप, आयकर विवरणपत्र. ऊस आणि तंबाखू करणाऱ्याकडे ते नसतं. काही ठिकाणी दहावी-बारावीचं प्रमाणपत्रही मागतात. अशा माणसाने ‘सरल जीवन बीमा’ हे नाव लक्षात ठेवावं. विमा नियामकाने १ जानेवारी २०२१ पासून सगळ्या आयुर्विमा कंपन्यांना ही एकाच नमुन्याची टर्म पॉलिसी विकायला लावली. कव्हर ५ लाखांपासून २५ लाखांपर्यंत, वय १८ ते ६५. शिक्षण, व्यवसाय किंवा राहण्याचं गाव यावरून ती नाकारायची नाही, हा तिचा मुद्दाच आहे. पहिले ४५ दिवस मात्र फक्त अपघाती मृत्यूलाच संरक्षण असतं. एजंट ती स्वतःहून काढत नाहीत, तेव्हा नाव घेऊन मागा. घरी बिड्या वळणाऱ्या बाईच्या नावानेही मागा. तिची कमाई बंद झाली तर घराचं काय होतं, हे निपाणीतल्या गल्ल्यांना सांगायची गरज नाही.

नवीन काही विकत घेण्याआधी, आधीच हातात असलेलं मोजा. बिडी कामगारांना भविष्यनिर्वाह निधी लागू आहे, घरी बसून बिड्या वळणाऱ्यांनासुद्धा, आणि सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य करून कैक वर्षं झाली. ज्याचं पीएफ खातं चालू आहे त्याला १९७६च्या ठेवसंलग्न विमा योजनेचं कव्हर आपोआप असतं. कामगाराच्या पगारातून त्यासाठी एक रुपया कापला जात नाही, मालक भरतो. नोकरीत असताना मृत्यू झाला तर शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी वेतनाच्या ३५ पट, त्यात वेतन १५ हजारांपर्यंतच धरायचं, आणि वर पीएफ शिलकेवर आधारलेली रक्कम, असं मिळून जास्तीत जास्त ७ लाख. फाउंड्रीतला आपला माणूसही यात येतो. मी अशी घरं पाहिली आहेत जिथे पीएफचे पैसे काढले गेले, पण या विम्याचा अर्ज कुणी केलाच नाही, कारण तो आहे हेच माहीत नव्हतं. पीएफमधला नॉमिनी आजच तपासा. लग्नाआधी आईचं नाव टाकलेलं असतं आणि तसंच राहून जातं.

बँकेतली प्रधानमंत्री जीवन ज्योती योजना वर्षाला ४३६ रुपयांत २ लाखांचं कव्हर देते. १८ ते ५० वयात तिच्यात शिरता येतं आणि ५५पर्यंत ती चालते. सुरक्षा विमा योजना वर्षाला २० रुपयांत अपघाती मृत्यूला २ लाख देते. दोन्हीचं वर्ष १ जून ते ३१ मे. पैसे मेअखेर खात्यातून आपोआप कापले जातात, आणि त्या दिवशी खात्यात शिल्लक नसेल तर संरक्षण गेलं. उसाचं बिल ज्या खात्यात येतं आणि लगेच उचललं जातं, त्यात मेमध्ये पाचशे रुपये राहू द्या. दोन बँकांत खाती असली तरी दोनदा नोंदणी करू नका, दावा एकच मिळतो. खेड्यात राहणाऱ्याला पोस्टाचा ग्रामीण टपाल विमा १० लाखांपर्यंत मिळतो. तो १९९५पासून आहे आणि खानापूरच्या जंगलपट्टीतल्या गावालाही पोस्टमन माहीत असतो. पिग्मीवाला रोज दारात येतो म्हणून पिग्मीला विमा समजू नका. ती बचत आहे, माणूस गेल्यावर जेवढी साठली तेवढीच मिळते.

सोसायटीचं कर्ज काढताना जोडून दिलेला गट विमाही वाचून घ्या. त्याचं कव्हर कर्जाबरोबर घटत जातं आणि पैसे आधी संस्थेला जातात. चांगलाच आहे, पण तो बायकोमुलांचा विमा नव्हे. आणि आपल्याकडे एकमेकांना जामीन राहायची रीत मोठी असल्याने एक गोष्ट आवर्जून सांगतो. विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा १८७४चा कायदा आहे. त्याच्या कलम ६खाली विवाहित पुरुषाने बायकोमुलांच्या लाभासाठी पॉलिसी घेतली, तर ती रक्कम त्यांच्यासाठी विश्वस्त निधीसारखी राखली जाते. नवऱ्याचे सावकार किंवा ज्या कर्जाला तो जामीन राहिला त्याचे धनको तिला हात लावू शकत नाहीत. यासाठी पॉलिसी घेतानाच एक वेगळी पुरवणी भरावी लागते, नंतर ती जोडता येत नाही. लाभार्थीही मागाहून बदलता येत नाहीत, म्हणून विचार करून करा. ज्याच्या नावावर दोन-तीन संस्थांचं कर्ज आहे किंवा चार मित्रांच्या कागदांवर जामीनदार म्हणून सही आहे, त्याने टर्म घेताना ही पुरवणी मागितलीच पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

आता कंपनी. १९ जानेवारी १९५६ला अध्यादेश निघाला, चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री होते. २४५ विमा कंपन्या आणि प्रॉव्हिडंट सोसायट्या एकत्र होऊन १ सप्टेंबरला एलआयसी उभी राहिली, आणि बरोबर दोन महिन्यांनी, १ नोव्हेंबरला, बेळगाव-निपाणी मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं. आपल्या जुन्या माणसांना एलआयसीबद्दल जो विश्वास आहे तो कायद्यात लिहिलेला आहे: एलआयसी कायद्याच्या कलम ३७ने तिच्या पॉलिसींना केंद्र सरकारची हमी आहे, आणि शेअर बाजारात आल्यावरही ती कायम आहे. २००० सालापासून खाजगी कंपन्या आल्या. त्यांना सरकारची हमी नाही, पण नियामकाचा धाक आहे. देण्यांच्या तुलनेत किती भांडवल राखायचं याचं किमान प्रमाण १.५ ठरलेलं आहे. टर्मच्या हप्त्यात खाजगी कंपन्या पुष्कळदा स्वस्त पडतात. मी स्वतः बचतीच्या पॉलिसीला आणि टर्मला एकाच मापाने तोलत नाही. टर्ममध्ये हप्ता आणि दावा देण्याची रीत या दोनच गोष्टी बघतो.

दाव्यांचं प्रमाण वाचताना एक चूक होते. ‘९८ टक्के दावे दिले’ म्हणजे दाव्यांच्या संख्येत. किती रकमेचे दावे दिले हा आकडा वेगळा असतो, आणि दोघांत मोठा फरक असेल तर मोठ्या रकमांचे दावे अडतात असं समजा. दुसरा आकडा टिकाऊपणाचा: ६१व्या महिन्यात किती पॉलिसी चालू राहिल्या. तो फार कमी असेल तर कंपनीचे विक्रेते लोकांच्या गळ्यात नको ती पॉलिसी मारत आहेत असाच त्याचा अर्थ मी लावतो. दोन्ही आकडे कंपन्यांना आपल्या संकेतस्थळावर जाहीर करावे लागतात.

शाखा कुठे आहे याला मी महत्त्व देतो, ऑनलाइनच्या काळातही. एलआयसीची विभागीय कार्यालयं बेळगावलाही आहेत आणि कोल्हापूरलाही. निपाणीकराला कोल्हापूर जवळ, भाषाही सोपी, म्हणून बरेच जण तिकडून पॉलिसी घेतात. त्यात काही गैर नाही, पॉलिसी देशभर चालते. फक्त पत्ता, मोबाइल नंबर आणि बँक खातं अद्ययावत ठेवा. मृत्यू दाखला मात्र जिथे मृत्यू झाला तिथूनच निघतो. माणूस कोल्हापूरच्या दवाखान्यात गेला तर तो कोल्हापूर महापालिकेचा मराठी-इंग्रजी, बेळगावात गेला तर कानडी-इंग्रजी. नोंद २१ दिवसांत करायची असते आणि त्यात नावाचं स्पेलिंग पॉलिसीतल्यासारखं येतं की नाही हे दवाखान्यातून निघतानाच बघावं लागतं. दुःखात हे कुणाला सुचत नाही, म्हणून घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी आधी सांगून ठेवा.

पहिला हप्ता मी भरतो म्हणणाऱ्या एजंटाला नमस्कार करून परत पाठवा. कमिशनमधून सूट देणं कलम ४१ने मना आहे आणि असा माणूस दोन वर्षांनी दारात दिसत नाही. ‘तुमच्या जुन्या पॉलिसीचा बोनस अडकलाय’ असा फोन आला तर ठेवून द्या. विमा नियामक कुणाला फोन करून बोनस वाटत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्यावर जीएसटी नाही, तेव्हा कुणी कराचे पैसे वेगळे मागत असेल तर पावती दाखवायला सांगा. पॉलिसी हातात पडल्यावर ३० दिवसांत आवडली नाही तर परत करता येते, आणि तो महिना ती वाचण्यासाठीच असतो. हप्ता वार्षिक ठेवून त्याची तारीख साखर कारखान्याचं बिल येण्याच्या दिवसांनंतरची घेतलीत तर पॉलिसी लॅप्स होण्याची भीती बरीच कमी होते.

दावा नाकारला गेला तर आधी कंपनीच्या तक्रार कक्षाला लेखी द्या. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जा. तिथे फी नाही, वकील लागत नाही, आणि ५० लाखांपर्यंतचा निवाडा होतो. कर्नाटकासाठी लोकपाल बेंगळुरूला बसतात. पण नियम असा आहे की तक्रारदार राहतो तिथल्या किंवा कंपनीची ती शाखा आहे तिथल्या, दोन्हींपैकी कुठल्याही लोकपालाकडे जाता येतं. कोल्हापूरच्या शाखेतून पॉलिसी घेतलेल्या निपाणीच्या विधवेला पुण्याच्या लोकपालांकडे तक्रार पाठवायचा हक्क आहे, आणि हे तिला फार थोडे लोक सांगतात.

आणि सासऱ्यांच्या ट्रंकेत, पिवळ्या पडलेल्या पाकिटात जुनी पॉलिसी सापडली तर फेकू नका. कंपन्यांना दावा न झालेल्या रकमा शोधायची सोय संकेतस्थळावर ठेवावी लागते. दहा वर्षांनंतर तो पैसा ज्येष्ठ नागरिक कल्याण निधीत जातो, तरी त्यापुढे २५ वर्षांपर्यंत वारसाला तो मागता येतो. पॉलिसीचा नंबर वाचता येत नसेल तर नाव, जन्मतारीख आणि जुना पत्ता घेऊन शाखेत जा, आणि जाताना त्या काळातलं नाव कसं लिहीत असत तेही एका कागदावर लिहून न्या.